मोटारीतील तारा

आमच्या घरात नीटनेटकेपणाची कीर्ती थोरल्या बंधूंच्या नावावर जमा आहे आणि पसाऱ्याची आमच्या. दादा वीज खात्यातून निवृत्त झाले, आम्ही शिक्षकी करून. त्यामुळे ते जे हाताने करीत, ते आम्ही आयुष्यभर तोंडाने करीत आलो. मोटार आमची आहे आणि ती चालवितोही आम्हीच. परंतु तीत मोबाइलच्या तारा कशा असाव्यात, हे आम्हांला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी दादांकडून शिकावे लागले. त्याआधी एक धडा मानपूरच्या घाटाने दिला.

मे २०२२ मध्ये भाचीच्या लग्नासाठी आम्ही मोटारीने इंदुराहून पुण्यास निघालो. आम्ही, सौ., दादा आणि वहिनी अशी चार माणसे आणि तितकेच मोबाइल. पूर्वी लांबच्या प्रवासाला निघताना दशम्या घेतल्या का, पाणी घेतले का, असे विचारीत. आता चार्जर घेतला का, एवढेच विचारतात. मोटारीत बारा व्होल्टचे तोंड एकच. मुळात ते सिगारेट पेटविण्याच्या सोयीसाठी आले आणि त्याचा उपयोग पुढे बदलला. त्यात आम्ही चार्जर बसविला आणि दोन तारा काढल्या. एक काचेला चिकटविलेल्या धारकातील आमच्या मोबाइलकडे, दुसरी मागच्या आसनाकडे. दोन्ही तारा गरजेपेक्षा लांब होत्या. उरलेली वेटोळी गिअरच्या दांड्यापाशी पडली होती.

राऊ येण्यापूर्वीच सौ. म्हणाल्या, "अहो, ही वेटोळी पायात येतील."

आम्ही म्हणालो, "मला रस्त्याकडे बघू दे."

मानपूरपाशी माळव्याचे पठार संपते आणि रस्ता निमाडात उतरू लागतो. उतारावर पुढच्या मालमोटारीचे तांबडे दिवे लागले. आम्ही पाय उचलून ब्रेककडे नेला आणि तो मध्येच अडला. गिअरवरून घसरलेले वेटोळे चपलेत अडकले होते. पाय जोराने ओढला तेव्हा धारकातील मोबाइल खाली आदळला, तार चार्जरमधून सुटली आणि ब्रेक लागला. मालमोटारींच्या मागे लिहिलेले वाचण्याची आम्हांला पहिल्यापासून हौस आहे; त्या दिवशी अक्षरांच्या रंगाला गेलेले तडेही दिसले.

गाडीत कोणीच बोलले नाही. खलघाटास नर्मदेकाठी चहाला थांबलो. दादांना काही वर्षांपासून कंपवात आहे. वहिनींनी कप त्यांच्या ओठांशी धरला. चहा संपल्यावर ते म्हणाले, "बाळ, तार सुटली म्हणून बरं. सुटली नसती तर?"

तारा गुंडाळून पिशवीत गेल्या. पुण्यास पोहोचेपर्यंत तीन मोबाइल बंद पडले होते आणि चौथा पडल्याने फुटला होता. लग्नघरातील माणसे लग्न सोडून आमचीच वाट पाहत दारात उभी होती. घरी परतल्यावर सौ.नी निक्षून सांगितले की, तारांचा बंदोबस्त झाल्याखेरीज त्या पुन्हा या गाडीतून गावाबाहेर जाणार नाहीत.

आमच्या रामबागेतील जुन्या घराची वीज जोडणी दादांनी १९६९ साली स्वतः केली होती. सागवानी पट्ट्या, त्यांवर तारा आणि चार-चार बोटांवर एक क्लिप. त्या तारा उघड्या दिसत, तरी डोळ्यांना खुपत नसत, कारण त्या भिंत आणि छत मिळतात त्या कडेने जात. कोणती तार कोठून निघून कोठे गेली, हे लहान मूलही बोटाने दाखवू शके. पुढे भिंती फोडून नळ्या घातल्या आणि तारा अदृश्य झाल्या. घर देखणे झाले. मात्र बिघाड झाला की कोठे शोधावे हे कोणाला कळेना. दादांना ते कधी रुचले नाही.

एका रविवारी दादांची खुर्ची अंगणात मोटारीशेजारी मांडली. त्यांचे हात थरथरतात आणि दृष्टीही मंदावली आहे. म्हणून हात आमचे आणि सूचना त्यांच्या, असा करार झाला. प्रथम त्यांनी सुतळी मागविली. तार विकत घेण्याआधी तिच्या वाटेवर सुतळी लावून पाहावी, मोजावी आणि एक वीतभर ढील धरावी. पुढच्या मोबाइलसाठी अर्धा मीटर पुरते असे निघाले. आम्ही दोन मीटरची तार बाळगीत होतो! धारक काचेवरून काढून चार्जरच्या जवळ आणला आणि निम्मा गुंता तेथेच संपला. मागच्या आसनासाठी लांब तार हवीच होती. पाच व्होल्टची बारीक तार लांब केली की टोकाशी दाब घटतो आणि मोबाइल सावकाश भरतो. म्हणून ती जाड तांब्याची घ्यावी, असे ते म्हणाले.

मग वाट ठरली. चालकाच्या बाजूने तार न्यावयाचीच नाही. तिकडे पाय आहेत. समोरच्या प्रवाशापुढील डॅशबोर्डवर, जेथे एअरबॅगचे झाकण असते, तेथेही नाही. दाराशेजारच्या खांबावर 'एअरबॅग' अशी अक्षरे उमटविलेली असतील तर त्या आवरणातही नाही. आत एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते आणि अपघाताच्या वेळी ती आवरण सारून क्षणात फुगते. तिच्या वाटेत काही असू नये. चिकटविण्यासाठी काळी प्लास्टिकची पट्टी नको, कारण उन्हात तापलेल्या मोटारीत तिचा डिंक पाघळतो. कापडी पट्टी घ्यावी. तारेला आवळून फास घालू नये आणि टोकापाशी तिला काटकोनात मोडू नये, कारण तार तेथेच आधी तुटते.

इतके सारे ऐकून आम्ही कामाला लागलो. मधल्या खोक्याच्या कडेने, गालिच्याच्या फटीतून तार न्यावी, असे दादांनी सांगितले होते. आम्हांला जवळची वाट दिसली. डाव्या आसनाखालून तार सरळ मागे काढली की ती कोठेच दिसत नव्हती. अर्ध्या तासात काम उरकले. दादांनी विचारले, "आसन पुढं-मागं करून पाहिलंस?"

आम्ही "हो" म्हणालो. ते खरे नव्हते.

आठ दिवसांनी वहिनी म्हणाल्या की, मागच्या तारेवर मोबाइल भरत नाही. आम्ही तार ओढून बाहेर काढली आणि दादांच्या हाती दिली. त्यांनी ती दोन बोटांत धरून टोकापासून हळूहळू सरकविली. एका जागी बोटे थांबली. आसन ज्या रुळांवर सरकते त्यांत सापडून तारेचे आवरण चिरडले होते आणि आतील तांबे उघडे पडले होते. थरथरत्या बोटांना ते आमच्या चष्म्याआधी सापडले.

ते रागावले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आमच्या कामात एकानं 'हो' म्हटलं की दुसरा खांबावर चढतो."

आम्ही आयुष्यभर वर्गात खरे बोलण्याविषयी जे काही सांगितले, ते सारे एकत्र केले तरी त्याला या वाक्याचे वजन येणार नाही. तार दिसेनाशी झाली म्हणजे ती नीट झाली, असा आमचा समज होता. नीट तार ती, जी कोणाच्या हातापायांत येत नाही आणि हवी तेव्हा सापडते. लपविणे हे त्याहून सोपे काम आहे, म्हणून आम्ही ते केले होते.

पुन्हा नवी तार आणली आणि ती दादांनी सांगितलेल्या वाटेने नेली. ती कायमची चिकटविली नाही. जागोजागी व्हेल्क्रोच्या पट्ट्यांनी धरली. टोके बदलत असतात. 'टाइप-सी' हे टोक २०१४ साली आले, तरी वहिनींचा मोबाइल अजून जुन्या टोकाचाच होता. उद्या त्यांनी नवा घेतला तर गालिचा उचकटावा लागू नये. मग दादा स्वतः मागे बसले. आम्ही दोन्ही आसने पुढे-मागे सरकविली, पाठी कलवून पाहिल्या, सारे गिअर टाकले, हातब्रेक ओढला, तिन्ही पायदाब्या दाबल्या, सुकाणूचक्र दोन्हीकडे पूर्ण फिरविले. प्रत्येक गोष्ट करताना मोठ्याने सांगितली, कारण त्यांना दिसत नव्हते. आणि यावेळी सांगितले तेच केले.

त्या डिसेंबरात आम्ही चौघे पुन्हा पुण्यास गेलो. मानपूरचा घाट उतरताना सौ. खिडकीबाहेर पाहत होत्या. आरशात दादा दिसले. त्यांचा हात मधल्या खोक्याच्या कडेवरून तारेच्या वाटेने सरकत होता. टोकाशी आम्ही ठेवलेली ढील त्यांना लागली. ती त्यांनी बोटाने मोजल्यासारखी केली आणि हात मांडीवर ठेवला.

"ठीक आहे," ते म्हणाले. आम्ही पुढच्या वळणाकडे पाहिले.