छर्ऱ्यांची पारख

नेमबाजीचें नांव पाहून आमच्या कांहीं वाचकभगिनी हें पान उलटतील, अशी आम्हांस धास्ती आहे. परंतु २००८ सालीं बीजिंग येथें अभिनव बिंद्रा यांनीं दहा मीटर एअर रायफलचें सुवर्णपदक मिळविलें, तेव्हांपासून या खेळाचें नांव घरोघर पोहोंचलें आहे. आणि ज्या घरांतील मूल तो खेळतें, तेथील वडील माणसांस त्याची तोंडओळख असणें अवश्य आहे.

आमची नात चार वर्षें हा खेळ खेळत आहे. मध्यंतरीं तिचे गुण एकाएकीं घसरूं लागले. "आजोबा, माझा हातच आतां स्थिर राहत नाहीं," असें म्हणून ती सराव सोडावयास निघाली. आणि तिची आई बांगड्या मोडून नवी रायफल घेण्याच्या विचारास लागली. आम्ही उभयतांस इतकेंच म्हटलें, "दोष कोणाचा, हें अगोदर ठरवूं या."

या खेळांत लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मि.मी. व्यासाचा असतो. छर्रा शिशाचा, ४.५ मि.मी. जाडीचा, कमरेंत बारीक व पुढून सपाट. त्यामुळें कागदास स्वच्छ गोल भोंक पडतें. मात्र डब्यांवर ४.४९, ४.५०, ४.५१ असे निरनिराळे आंकडे असतात. केसाच्या जाडीहूनहि लहान अशा या फरकावर छर्रा नळींतील पिळदार आट्यांत कसा बसेल, हें अवलंबून असतें. शिवाय एकाच नांवाच्या मालांत खेपेखेपेस भेद पडतो.

न्यायशास्त्रांतील अन्वयव्यतिरेकाची रीत येथें कामास आली: बाकी सर्व तसेंच ठेवून एकच गोष्ट बदलावी व परिणाम पाहावा. प्रथम रायफलचे स्क्रू सारखे आवळले, नळी नमद्याच्या बोळ्यांनीं पुसली. मग एका परिचितांच्या कारखान्यांत, मऊ गाद्या लावलेल्या व्हाइसमध्यें ती घट्ट बसविली आणि चार डब्यांतील दहा-दहा छर्रे वेगवेगळ्या कागदांवर मारले. नेहमींच्या डबीचीं भोंकें एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साडेदहा मि.मी. पसरलीं. व्हाइसचा हात तर कांपत नाहीं! चवथ्या डबीचीं भोंकें सहा मि.मी.त बसलीं, आणि तीच चारींत सर्वांत स्वस्त होती. चौकशी करतां कळलें कीं, जुन्या खेपेचा माल संपून नवी खेप सुरू झाली होती. नांव मात्र तेंच.

साइट आम्ही शेवटीं जुळविली. तिच्या खटक्यांनीं छर्ऱ्यांचा पुंजका वरखालीं वा डावीउजवीकडे सरकवितां येतो, परंतु त्याची फांक कमी होत नाहीं. विखुरलेल्या छर्ऱ्यांच्या मागें साइट फिरवीत बसणें व्यर्थ होय.

बांगड्या हातांतच राहिल्या. नातीचा प्रत्येक छर्रा आतां दहांतच लागतो असें नव्हे; पण नऊ लागला तर तो आपला, हें तिला निश्चित ठाऊक असतें, आणि ती रडत न बसतां पुढचा छर्रा भरते.

ज्यांच्या घरीं असें मूल असेल त्यांनीं नळीस मानवणारी खेप सांपडतांच तिच्याच वर्षभर पुरतील इतक्या डब्या घ्याव्या. आणि शिसें हाताळल्यावर मुलांस हात साबणानें धुण्याची संवय लावावी.