संत्र्याला दुसरं दार हवं

डिसेंबरात घरून हॉस्टेलवर परतणाऱ्या वरुड-काटोलकडच्या पोराच्या पिशवीत दोन-चार किलो संत्री असतातच, आणि रूमवर पाच मिनिटांत त्यांचा फडशा पडतो. बाहेरगावच्या मित्रांपुढे आपण 'नागपूरचा संत्रा' म्हणून मिरवतोही. 2014 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण या फळाचा भाव कुठे ठरतो, असं विचारलं तर बहुतेक जण कळमन्याचं नाव घेतील. आमच्या घरी वरुडजवळ संत्र्याचा बगीचा आहे, त्यामुळे मला ठाऊक आहे की हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. उरलेलं अर्धं उत्तर ढाक्यात आहे.

नागपुरी संत्र्याचं परदेशातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. आपला संत्रा सोलायला सोपा, चवीला आंबटगोड, पण फार दिवस टिकत नाही. युरोपात जहाजाने जाईपर्यंत त्याचा निभाव लागणं कठीण. बंगालची सीमा मात्र ट्रकने गाठता येते. म्हणून अंबिया बहाराचा चांगला माल वर्षानुवर्षं तिकडे जात राहिला. मग बांगलादेशाने आयात शुल्क वाढवायला सुरुवात केली. 2019 मध्ये किलोमागे 20 च्या घरात असलेलं शुल्क वाढत वाढत 2023 मध्ये 88 वर गेलं. चार वर्षांत चौपटीहून जास्त!

आता हे शुल्क कागदावर भरतो तिथला आयातदार. पण तो ते आपल्या निर्यातदाराच्या भावातून कापतो, निर्यातदार गावच्या व्यापाऱ्याच्या भावातून, आणि व्यापारी बगीच्याचा उक्ता सौदा करताना शेतकऱ्याकडून. शेतकऱ्याने कोणाकडून कापायचं? त्याच्या मागे फक्त झाड असतं.

त्या वर्षी बाबांचा फोन आला. "तू इंजिनिअरिंग शिकून राहिला ना बावा, मंग सांग, ढाक्याच्या सरकारनं आपल्याले काऊन दंड लावला?" मला उत्तर येत नव्हतं. लायब्ररीत बसून जुने पेपर चाळले, तेव्हा दोन कारणं हाती लागली.

पहिलं कारण त्यांच्या घरचं. 2022 मध्ये बांगलादेशाला डॉलरची चणचण भासू लागली. तेव्हा त्यांनी चैनीच्या वस्तूंवर जादा शुल्क लावलं, आणि त्या यादीत परदेशी फळंही आली. दुसरं कारण आपल्या घरचं, म्हणजे कांदा. 2019 आणि 2020 च्या सप्टेंबरात आपण कांद्याची निर्यात अचानक बंद केली. 2023 च्या ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यात शुल्क लावलं आणि डिसेंबरात पुन्हा बंदी. बांगलादेश आपल्या कांद्यावर बराच अवलंबून. 2019 च्या ऑक्टोबरात शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. कांदा न वापरण्याची सूचना स्वयंपाक्याला दिल्याचं त्यांनी भर सभेत हसत हसत सांगितलं, आणि पुढच्या वेळी आधी कळवा असंही सुचवलं. संत्र्यावरचं शुल्क हा कांद्याचा राग आहे, असं आपल्याकडचे व्यापारी उघड बोलतात. ते पूर्ण खरं असो वा नसो, शहरातल्या गिऱ्हाइकासाठी घेतलेल्या निर्णयाची किंमत आधी नाशिकच्या कांदेवाल्याने मोजली, आणि तिची झळ वरुडपर्यंत येऊ शकते हे आमच्या भागाने पाहिलं. निर्णय घेताना या दोघांनाही कोणी विचारलेलं नव्हतं.

आता जरा आपल्या कपाटातल्या टी-शर्टचं लेबल बघा. एखाद्यावर तरी 'मेड इन बांगलादेश' सापडेल. गरीब देशांना सवलत म्हणून 2011 पासून भारताने त्यांच्या जवळजवळ सगळ्या मालावरची जकात माफ केली. मला यात काही चूक वाटत नाही. तिथे शिवणयंत्रावर बसलेली मुलगीही कोणाच्या तरी घरचा आधार असते. पण मोठ्या मनाने सवलत देताना आपल्या लहान माणसासाठीही दोन शब्द बोलायला काय हरकत आहे? सर्वसमावेशक विकास हा शब्द भाषणात छान वाटतो. माझ्या मते त्याचा साधा अर्थ असा, की ज्याचं नुकसान होणार त्याचा हिशेब आधी मांडायचा.

2023 मध्ये राज्य सरकारने शुल्काच्या निम्म्या रकमेचं अनुदान जाहीर केलं, सुमारे 170 कोटींचं. पण ते निर्यातदारासाठी. बगीचा झाडावरच विकून मोकळा झालेला शेतकरी त्यात कुठे बसतो?

खरी अडचण अशी आहे की आपल्या संत्र्याला एकच मोठं दार आहे, आणि त्याची कडी दुसऱ्याच्या हातात आहे. दुसरं दार म्हणजे प्रक्रिया उद्योग. मिहानमध्ये पतंजलीच्या फूड पार्कचं भूमिपूजन 2016 च्या सप्टेंबरात झालं आणि कारखाना सुरू झाला 9 मार्च 2025 ला. रोज 800 टन फळांचा रस काढण्याची क्षमता सांगितली गेली. मधे साडेआठ वर्षं गेली. तेवढ्यात नवीन लावलेलं झाड फळावर येतं आणि इंजिनिअरिंगच्या दोन बॅचेस बाहेर पडतात (एटीकेटीवाले सोडून!). उशिरा का होईना, दार उघडलं याचा आनंदच आहे. बाजारात न चालणारा बारीक मालही तिथे खपू शकतो. फक्त गिऱ्हाईक पुन्हा एकच राहिलं तर एका कडीऐवजी दुसरी कडी एवढाच फरक. म्हणून असे लहान-मोठे कारखाने वरुड, मोर्शी, काटोललाही हवेत.

इथे आपला संबंध येतो. नागपुरी संत्र्यात बिया जास्त, आणि रस काढून ठेवला की लिमोनिनमुळे काही वेळाने कडवट होतो. तो कडवटपणा काढण्याचं तंत्र आहे, पण गावच्या सहकारी संस्थेला किंवा बचत गटाला परवडेल असं छोटं युनिट हवं. हे केमिकल आणि मेकॅनिकलवाल्यांचं काम आहे. फळ चार दिवस जास्त टिकवणारी स्वस्त शीतखोली हे इलेक्ट्रिकलवाल्यांचं.

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी दरवर्षी जुन्या रिपोर्टचं कव्हर बदलणाऱ्या मित्रांनो, यंदा एक चक्कर वरुडला मारा. जेवण आमच्या घरी. आणि बाबा प्रश्न विचारतील, तेव्हा उत्तर तयार ठेवा.