डाउनटनचे भले मालक

संपवली एकदाची 'डाउनटन ॲबी'! सहाच्या सहा सीझन. बघितली नाही म्हटलं की ओळखीतले लोक असे बघायचे, जणू मी आयुष्यात कधी वरणभात खाल्ला नाही. २०१० ते २०१५ मध्ये आलेली ही मालिका मी एवढ्या उशिरा बघितली आणि खरं सांगायचं तर... हिरमोड झाला.

देखणी आहे, वादच नाही. हायक्लेअर कॅसलचे ते दिवाणखाने, ते कपडे, मॅगी स्मिथचं एकेक तिरकस वाक्य! पहिल्याच भागात पहाटे उठून खोल्याखोल्यांतून फायरप्लेस पेटवत फिरणारी पोरसवदा डेझी दिसली आणि मी सरसावून बसले. म्हटलं, आता तळघरातली गोष्ट ऐकायला मिळणार.

पण होतं काय? स्वयंपाकीण मिसेस पॅटमोरला दिसेनासं होतं, तर लॉर्ड ग्रँथम तिला ऑपरेशनला लंडनला पाठवतात. पायाने अधू बेट्सला काढून टाकतात आणि त्याच भागात गाडी थांबवून परत ठेवूनही घेतात. ग्वेनला मोलकरणीचं काम सोडून सेक्रेटरी व्हायचंय, तर मदतीला लेडी सिबिल हजर. शेवटच्या सीझनला तर कहरच. डेझीच्या सासऱ्याची कसायची जमीन जाते. ती लिलावात चारचौघांत भडकते, पुढे मालकिणीला जाब विचारायला निघते, आणि तोवर इकडे त्याला डाउनटनचीच दुसरी जमीन द्यायचं ठरलेलं! झालं. राग गिळा आणि थँक्यू म्हणा.

मालक दुष्टच दाखवा असं माझं म्हणणं नाही हो. माझी आजी पुण्यात दोन घरी पोळ्या करायला जायची. "माणसं चांगली होती," असंच म्हणायची कायम. दर दिवाळीला साडी द्यायचे. आणि त्याच दमात, "रंग मात्र कधी विचारला नाही कुणी. सगळ्या करड्या." त्या चांगल्या माणसांबद्दल तिच्या मनात कृतज्ञताही होती आणि ही करडी साडीही होती, दोन्ही खरं. डाउनटनमध्ये साडी मिळते, रंगाचं कुणी बोलत नाही. कुणी बोललंच, तर तो थॉमससारखा कारस्थानी तरी असतो, नाहीतर पुढे ओशाळतो.

गंमत म्हणजे हे सगळं लिहिणाऱ्या ज्युलियन फेलोजनीच आधी 'गॉसफर्ड पार्क' (२००१) लिहिला होता, त्याला ऑस्करही मिळालं. दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन. तिथेही बंगला, शिकारीला जमलेले पाहुणे, वर मालक, खाली नोकर. पाहुण्यांसोबत आलेल्या नोकरांना खाली स्वतःचं नावसुद्धा नाही, मालकिणीचं नाव तेच मोलकरणीचं. आणि हेलन मिरेनची हाउसकीपर! इतकी वर्षं गप्प राहून ती काय काय साठवून आहे ते शेवटी कळतं (सांगत नाही, बघाच). मॅगी स्मिथ तिथेही आहे, पण तिथली उमराव बाई अशी चिक्कू आणि आपमतलबी, की तिच्या वाक्यांना हसताना आपल्यालाच जरा कसंतरी होतं.

असो. डाउनटनचा तिसरा सिनेमा २०२५ मध्ये येऊन गेला. बहीण म्हणते, एवढं बघितलंस तर तोही बघून टाक. मी तिला आधी 'गॉसफर्ड पार्क' बघायला सांगितलाय. अजून तिचा फोन नाही.