पटाशी विकत घेताना

आमचा आणि धारेचा संबंध आजवर शिसपेन्सिलीला टोक काढण्यापुरता. बी.कॉम. झालो, धाराशिवला एका कचेरीत कारकून म्हणून चिकटलो, उरलेला वेळ वस्तीतल्या कामात गेला. पुतण्याने आयटीआयमध्ये सुतारकामाचा कोर्स पुरा केला आणि "काका, पटाश्या घ्यायच्यात, चला," म्हणाला, तेव्हा हिशेब कळणारा माणूस म्हणून आम्ही सोबत गेलो. तिथेच चुकलो.

दुकानात पिवळ्या मुठीच्या सहा पटाश्यांचा संच होता, साडेतीनशे रुपयांना. शेजारी लाकडी मुठीच्या चार, पंधराशेला. आम्ही मनात भागाकार केला. ही अठ्ठावन्नला पडते, ती पावणेचारशेला! पोरगा चारांकडे बघत होता. आम्ही सहा बांधून घेतल्या.

वाचकहो, आमच्या घरात पटाशी येणे ही साधी गोष्ट नव्हती. आमच्या आजोबांनी गावच्या सुतारमेटापर्यंत बाभळीची खोडे डोक्यावरून वाहिली. पण वाकस-रंध्याला हात लावायची सोय नव्हती. लाकूड आपण तोडायचे, घडवायचे दुसऱ्याने. त्या घरात पहिली पटाशी आली ती आमच्या भागाकाराने आली.

पोराला पहिले काम मिळाले एका दाराच्या चौकटीचे. लाकूड बाभळीचे, जुने, वाळून दगड झालेले. कुसू बसवायचे तिसरे भोक पाडताना अर्ध्या इंचीची धार वळली. दुसरीचा कोपरा उडाला. दिवसभर पोरगा लाकूड कमी आणि लोखंड जास्त घासत बसला. घरमालक ओट्यावरून म्हणाला, "ज्याचं काम त्यानंच करावं बाबा." अवजाराचा दोष होता, बोल मात्र जातीला लागला. पोरगा त्या रात्री जेवला नाही. आमच्याशीही बोलला नाही, आणि ते बरोबरच होते.

मग आम्ही त्याला ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे घेऊन गेलो. ते सास्तूरकडचे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा किल्लारी-सास्तूर भागातली माळवदाची घरे दगडमातीसकट माणसांवर बसली. ढिगाऱ्यातून निघालेल्या जुन्या तुळया चिरून मिस्त्रींनी पुढे कितीतरी दारे-खिडक्या केल्या. त्या लाकडात मोडके खिळे असत. "पटाशीची परीक्षा तिथं झाली माझ्या," ते म्हणाले. जातीने ते सुतार. पण आपली पेटी त्यांनी सरळ पोरासमोर सरकवली आणि म्हणाले, "हातात घेऊन बघ."

पेटीत पाचच पटाश्या. एक तर झिजून निम्मी राहिलेली.

आमची पिवळी पटाशी त्यांनी उलटी करून खिडकीच्या काचेवर ठेवली. ती डुगडुगली. पटाशीची पाठ सपाट नसेल तर धार कधीच सरळ येत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळले. मग त्यांनी धारेजवळ कानस हलकेच फिरवली. पाणी नीट दिलेल्या पोलादावर कानस घसरते. इथे ती खडूसारखी खात गेली. कारखान्यात हा कठीणपणा रॉकवेलच्या मापाने मोजतात आणि चांगल्या पटाशीचा तो साधारण 58 ते 62 असतो. त्याहून मऊ असली की धार वळते, फाजील कठीण असली की तुकडा उडतो. पोराने ते पुस्तकात वाचले होते. दुकानात मात्र त्याने काकाचे ऐकले.

मूठ पात्याच्या रेषेत हवी, आणि हातोडीचा मार सोसायचा तर मुठीच्या टोकाला लोखंडी कडे हवे. भोक पाडायची पटाशी अंगाने जाड असावी. साफ करायची पातळ, कडा उतरत्या केलेली. एकीकडून दुसरीचे काम घेतले की दोन्ही वाया. सुरुवातीला पाव, अर्धा, पाऊण आणि एक इंच एवढी मापे पुष्कळ झाली. घासताना कोन पंचवीस अंशांचा, शेवटची धार तिसाच्या आसपास. "आणि मशीनच्या चाकावर दाबून धरू नको," मिस्त्री म्हणाले, "निळी पडली की पाणी गेलं तिचं." चढवलेल्या पाण्याचा रंग फिका गवती असतो, निळ्यापर्यंत तापली म्हणजे पोलाद मऊ झाले. सुटीवरच्या ट्रकच्या पाट्यातून लोहाराने घडवलेली पटाशीही उत्तम चालते, पण पाणी देणारा हात जाणता पाहिजे, असेही ते म्हणाले.

17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 धंद्यांत सुतारकाम आहे, आणि अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत ठेवलेली आहे. ज्यांच्या घरी अशी पेटी येईल त्यांनी एवढे करावे : पटाशी आधी काचेवर ठेवून बघावी.

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. या वेळी बोलला पोरगा. त्याने काउंटरच्या काचेवर एकेक पटाशी पालथी ठेवली, डोळा बारीक करून मुठीची रेघ पाहिली, दोन परत केल्या, बदलून घेतल्या. दुकानदार थोडा वैतागला. पैसे आम्ही निमूट दिले. पहिला संच आमच्या वहीत खर्चाच्या खात्यावर पडला होता. हा भांडवलाच्या खात्यावर लिहिला. बी.कॉम.चा एवढा उपयोग झाला.

चौकट पुरी झाली. घरमालक काही बोलला नाही, राहिलेले पैसे मात्र मोजून दिले. पिवळ्या पटाश्या आता रंगाचे डबे उघडायला आहेत. पोरगा सध्या तुळजापूरला एका घराच्या खिडक्या करतो आहे. परवा पेन्सिलीला टोक काढायला आम्ही त्याची पाव इंची मागितली. दिली नाही.