अंथरुणावर शंका घेणारा प्राध्यापक

अँजिओप्लास्टीनंतर सगळे ठीक असलेल्या रुग्णाला मी 'आता रोज चाला' म्हटले, की त्याच्यापेक्षा घरचेच जास्त दचकतात. 'डॉक्टर, आम्ही त्यांना पलंगावरून उठूच देत नाही,' असे अभिमानाने सांगणारेही भेटतात. तेव्हा मला जर्मनीचे प्रा. विल्डोर होलमान (१९२५-२०२१) आठवतात.

होलमान यांनी १९५८ मध्ये कोलोनच्या क्रीडा विद्यापीठात हृदयरोग व क्रीडावैद्यक संस्था सुरू केली. त्या काळी हार्ट अटॅकनंतर रुग्णाला कित्येक आठवडे झोपवूनच ठेवत. होलमान यांनी माणसांना व्यायामाच्या सायकलवर बसवले आणि श्वासातला ऑक्सिजन, रक्तातले लॅक्टेट मोजून श्रमाची सोसवेल अशी मर्यादा शोधली. धडधाकट तरुणांना मुद्दाम अंथरुणात ठेवूनही पाहिले; थोड्याच दिवसांत त्यांचा दमसास घसरला! पुढे ते जागतिक क्रीडावैद्यक महासंघाचे अध्यक्ष झाले, पण मला ती सायकलच मोठी वाटते.

तुमच्याकडे सायकल-यंत्र नसेल. मग चालताना बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, इतकाच वेग ठेवा. छातीत दुखले तर लगेच थांबा. दुखणे थांबले नाही तर थेट रुग्णालय गाठा.