भावाचं हसू

माझ्या भावाचं लहानपणीचं हसू सध्या अंधेरीतली एक मुलगी हसते. तिला हे ठाऊक नाही. भावाला ठाऊक आहे आणि त्याला त्याची गंमत वाटते. मला अजून तरी वाटत नाही.

मी कार्टूनना आवाज देते. बहुतेक हिंदीत, अधूनमधून मराठीत. माहेर कामथडी, तालुका भोर. पुणे-सातारा रस्त्यावरून जाणाऱ्यांनी पाटी पाहिली असेल, नसरापूर-कापूरहोळच्या आसपास. कॉलेज पुण्यात, तिथे नाटकं, मग लग्न होऊन मुंबई, आणि नाटकातल्याच एका ओळखीनं डबिंग. क्राउडपासून सुरुवात केली. क्राउड म्हणजे बाजारातला गलका, वर्गातला गोंधळ, 'अरे भागो भागो'. ते सगळ्यांचंच तसं असतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पुढे एक मुलगा मिळाला. सात-आठ वर्षांचा, जपानी, वात्रट. कार्टूनचं नाव लिहीत नाही, करारात तसं कलम आहे. मुलांचे आवाज जगभर बऱ्याचदा बायकाच काढतात. खरा मुलगा घेतला तर काही वर्षांत त्याचा आवाज फुटतो आणि कार्टूनमधला पोरगा तर वर्षानुवर्षं दुसरीतच असतो. जपानात मासाको नोझावा बाई 1986 पासून गोकूचा आवाज काढताहेत, जन्म 1936 चा. आपल्याकडे निंजा हातोरी हिंदीत बोलला तो मेघना एरंडेंच्या आवाजात, डोरेमॉन सोनल कौशलच्या. लोकांना हे सांगितलं की अजूनही म्हणतात, 'काय सांगता! बाई आहे?'

माझ्या पोराचा आवाज पहिल्या दिवशी बसला, हसू बसेना. मूळ जपानी ट्रॅकवर तो गळ्यातून खरखरत हसायचा. मी तसं केलं की म्हातारा वाटायचा. डिरेक्टर वैतागला. मग मला आठवला माझा धाकटा भाऊ. तो लहान असताना श्वास बाहेर सोडत हसायचाच नाही, आत ओढत हसायचा. उचकी, उचकी, मग एक बारीक किंकाळी, आणि मग आवाजच बंद, नुसते खांदे हलायचे. आई घाबरायची, पाठीत धपका घालायची. मी माइकसमोर ते करून पाहिलं. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट स्वतःच हसायला लागला. झालं, तेच कायम झालं. माझी हिंदी शिकलेली. 'ण' आणि 'न' मला स्टुडिओत घासूनपुसून दिलेले. त्या पोरात घरून आणलेलं असं ते एवढंच होतं.

2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मी माहेरी अडकले होते. काम थांबलं आणि मग घरून सुरू झालं. मुंबईतले लोक कपाटात बसून, पांघरुणं टांगून रेकॉर्ड करत होते. मी भाताच्या खोलीत बसले. इंद्रायणीची पोती तिन्ही बाजूंनी छातीपर्यंत रचलेली, दाराला आईची गोधडी. खोटं वाटेल, पण लाखो रुपये खर्चून केलेल्या बूथमध्ये इतका 'सुका' आवाज मी ऐकलेला नाही. भरलेलं पोतं आवाज गिळून टाकतं, परत काही येत नाही. हायवे गप्प झाला होता, एरवी ट्रक जन्मात रेकॉर्ड करू देणार नाहीत. त्रास फक्त कोंबड्याचा. आणि उंदरांचा. मोबाइलवर चित्र, कानात हेडफोन, मांडीवर भाताचा भुसा. भाचा दाराबाहेर बसून ऐकायचा, तेव्हा सहा वर्षांचा असेल. ज्याला टीव्हीवर पाहायचं, तो आपल्या पोत्यांच्या खोलीत हसतोय, ह्याचं त्याला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. दोस्तांना सांगायचा, 'आमच्यात राहतो तो.'

टाळेबंदी उठली, मी मुंबईला आले. एका संध्याकाळी भाच्याचा फोन. 'आत्ते, तुला सर्दी झालीय व्हय?'

'नाही रे. का?'

'मग टीव्हीवर येगळाच बोलतोय तो.'

मला वाटलं, सेटिंगचा काही घोळ असेल. तो म्हणाला, 'दुपारी तूच असती. सांच्याला दुसरी असती. पण हसतो आपल्या पप्पांसारखाच.'

मी टीव्ही लावला. दुपारी जुने भाग, संध्याकाळी नवा सीझन. सांच्याला दुसरी होती.

आता इथे मला थांबावंच लागेल. माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे की मी हा किस्सा फार लांबवते, पण त्याचा आवाज कोणी बदललेला नाही. मी जुन्या स्टुडिओत फोन केला. पलीकडची मुलगी चांगली होती, म्हणाली, 'मॅम, तो शो आता आपल्याकडे नाहीये.' चॅनलनं डबिंगचं काम दुसऱ्या स्टुडिओला दिलं होतं. त्यांचा दर कमी असणार. नव्या स्टुडिओकडे त्यांची त्यांची माणसं असतात, तो धंदाच आहे. बरं, मग कळवायचं कोणी? जुना म्हणतो, शो आमचा नाही. नवा म्हणतो, तुम्ही आमच्या नाही. चॅनलला तर मी माहीतच नाही, त्यांचा व्यवहार स्टुडिओशी. म्हणजे वर्षानुवर्षं ज्या पोराची शिंक, ढेकर, रडणं मी केलं, तो गेल्याची खबर मला द्यायचं काम ह्या भूतलावर कोणाचंच नव्हतं. ते कामथडीतल्या सहा-सात वर्षांच्या पोरानं केलं.

नव्या स्टुडिओतल्या एकाशी जुनी ओळख निघाली. तो म्हणाला, चॅनलनं 'व्हॉइस मॅच' मागितला होता. म्हणजे नव्या मुलीच्या कानात माझे जुने भाग वाजवायचे आणि ती त्याच्यासारखं बोलणार. सारखी तूच हवीस, पण तू नको.

आणि ते हसू. मी मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं, मग हेडफोन लावून ऐकलं. उचकी, उचकी, किंकाळी. नंतरची ती शांतताही तेवढीच. मला ठरवता येईना की हे त्या मुलीनं केलंय की माझ्याच जुन्या ट्रॅकमधून उचलून चिकटवलंय. उचलणं काही अवघड नाही, हसण्याला ओठ जुळवावे लागत नाहीत. चोवीस तास माइकसमोर असणारी बाई, स्वतःचं हसू ओळखू शकत नव्हते! दिवाळीला गावी गेले तेव्हा भावाला ऐकवलं. तो खळ्यात उभा, कानाला फोन. दोनदा ऐकलं. म्हणाला, 'ही तू न्हाईस.'

'कशावरून?'

'तू मला चिडवायला हसायचीस तसं. हिला खरंच हसू आलंय.'

मी चिडले. म्हटलं, माझं हसू चोरलंय आणि तू तिचं कौतुक करतोस? तर हा म्हणतो, 'तुझं? ताय, तू मला इचारलं व्हतंस व्हय?' आणि हसला. आता तो आत ओढत हसत नाही, चारचौघांसारखा हसतो.

कायदा काय म्हणतो ते मी वाचून काढलं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली, कलाकाराला आपलं नाव लावून घ्यायचा हक्क मिळाला. पण 'कलाकार' कोण, ह्या व्याख्येला एक शेपूट आहे. सिनेमातलं ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो नाव लावून घेण्यापुरता कलाकारच नाही. आम्ही किरकोळ नाही हो, आख्खा पोरगा आम्ही बोलतो. पण 'नाव लावायचा रिवाज नाही' हे वाक्य मी स्टुडिओत इतक्या वेळा ऐकलंय की ते कायद्यात छापलेलं बघून बसलेच. नाव देत नाहीत म्हणून रिवाज नाही, रिवाज नाही म्हणून नाव देत नाहीत.

2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंगच्या आवाजाची एआयनं नक्कल करणाऱ्यांना अटकाव केला, पुढच्या वर्षी आशाताईंच्या बाबतीतही तसाच आदेश आला. उत्तम झालं. पण आशाताईंचा आवाज आशाताईंचा आहे हे सिद्ध करावं लागत नाही. माझा माझा आहे हे मी कोणाला दाखवू? माझ्यासाठी साक्ष देणार एक भाचा.

पूर्वी मला वाटायचं, सगळा चेहऱ्याचा खेळ आहे. 1993 ला रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचं. शेर खान बोलला की आमच्याकडे जमलेली सगळी ओरडायची, 'नाना!' नाना पाटेकरांना पडद्यावर पाहिलेलं होतं म्हणून वाघात ओळखलं. मोगली कोण बोलतो, हे कोणी विचारलं नाही. डिस्नेच्या पहिल्या स्नो व्हाइटचा आवाज देणाऱ्या आद्रियाना कासेलोतीला 970 डॉलर मिळाले आणि 1937 च्या त्या सिनेमात तिचं नावही नव्हतं. पण मग माझी आई? तिनं आकाशवाणीवर 'पुन्हा प्रपंच' ही मालिका ऐकलेली. नीलम प्रभू, बाळ कुडतरकर, प्रभाकर जोशी ही नावं ती नात्यातल्यासारखी घ्यायची. त्यातल्या मीनावहिनी दिसायला कशा, हे तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. रेडिओ नाव सांगायचा, एवढाच फरक. चेहऱ्याचं काही नाही, मी उगाच चेहऱ्याला दोष देत होते.

जपानात 2005 साली डोरेमॉनचे पाचही मुख्य आवाज एकदम बदलले. नोबुयो ओयामा बाईंनी 1979 पासून डोरेमॉन केला होता. आधी जाहीर केलं, निरोप दिला, मग नवीन माणसं आली. बदलायला माझी ना नाही. मला तो पोरगा मिळाला तेव्हा त्याच्या आधीही काही भाग दुसऱ्या कोणीतरी केलेले होते, असं मागाहून कानावर आलं होतं. मी शोध घेतला नव्हता. काम मिळालं होतं, आनंदात होते.

भोरहून, वेल्ह्याहून मुली विचारतात, ह्यात यायचं कसं. माझा सल्ला रुक्ष आहे. गाण्याची बैठक असेल तर उत्तम, नसली तरी चालेल, पण रोज मोठ्यानं वाचा. गावची बोली पुसू नका, तीवर दुसरी चढवा. मला गावरान बोलायला आजवर मिळालं ते फक्त मूर्ख शिपायाला नाहीतर गाढवाला, आणि मी त्यावर भाषणं दिलीत. पण खरं सांगायचं तर त्या गाढवाइतकी मजा मला कुठल्याच कामात आली नाही. पैसे किती आणि कधी, हे लिहून घ्या. नाव मागा. देणार नाहीत, तरी मागा. आता काही ओटीटीवर शेवटी डबिंगच्या कलाकारांची पाटी येते, ती कोणीतरी मागितली म्हणूनच येत असणार.

मागच्या वर्षी मलाच व्हॉइस मॅचचं काम आलं. एका कार्टूनमधली आजी. आधीच्या बाई का नाहीत, विचारलं; कोणी धड सांगेना. मी म्हटलं, नंबर द्या, नाहीतर मी करत नाही. खूप कुरकुर करून दिला. बाई दादरच्या, वय झालेलं, घशाचं काहीतरी निघालं होतं. मला वाटलं रडतील किंवा रागावतील. त्या म्हणाल्या, 'करतेयस ना? मग ऐक. ती शिंकली की मी शेवटी हळूच "अगाई" म्हणते. तेवढं सोडू नकोस.'

जुने भाग ऐकले, दर शिंकेला होतं. हिंदी आजी, आणि शिंकून 'अगाई'. रेकॉर्डिंगला मी केलं. डिरेक्टरनं टॉकबॅक दाबला, 'मॅम, हे स्क्रिप्टमध्ये नाहीये.'

म्हटलं, नसू दे.