प्रतिकृतीचा निर्माता कोण?

पिंपळनेरला आमच्या घरामागे, कडुनिंबाच्या सावलीत, एक अँबॅसॅडर उभी आहे. वडिलांनी १९९६ साली घेतलेली, १.८ लिटरचे इसुझू इंजिन असलेली. साक्रीची कचेरी, धुळ्याचे दवाखाने, शेलबारी घाट ओलांडून ताहाराबाद-सटाण्याकडची लग्ने हे सगळे तिच्यातून झाले. २०२० साली वडील गेले आणि गाडीही थांबली. पुढे तिच्या नोंदणीची मुदत सरली, पत्रा कुजू लागला. इंजिन मात्र तेल आणि बॅटरी बदलून मिस्तरींनी खटपट केली तेव्हा तासाभरात सुरू झाले. त्या आवाजाने आम्हा दोघा भावांच्या मनातली शाळकरी वयातली इच्छा जागी केली. या इंजिनावर दोन आसनांची, उघडी, लांब नाकाची स्पोर्ट्स कार बांधावी, अशी ती इच्छा.

इच्छा अगदीच निराधार नव्हती. अलिबागजवळ चिंकारा मोटर्स या छोट्या कारखान्याने लोटस सेव्हनच्या धर्तीवर एक रोडस्टर घडवली होती आणि तिच्यात हेच, अँबॅसॅडरमधले इसुझू इंजिन बसवले होते. मूळ लोटस सेव्हन १९५७ सालची, कॉलिन चॅपमन यांची. वजन जेमतेम पाचशे किलोच्या आसपास, म्हणजे अँबॅसॅडरच्या निम्मे. त्या काळी इंग्लंडात तयार मोटारीवर खरेदी-कर होता, सुट्या भागांच्या संचावर तो पडत नसे. त्यामुळे लोक पेटीत आलेली गाडी घरच्या गॅरेजात जोडत. १९७३ साली करपद्धती बदलली आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी लोटसने या गाडीचे हक्क कॅटरहॅमकडे सोपवले. सांगण्याचा मुद्दा असा, की ज्याला आपण छंद म्हणतो त्याचा जन्म कायद्याच्या एका फटीतून झाला होता. हे तेव्हा आमच्या ध्यानात यायला हवे होते.

आता सांगाडा आणि कवच कोणाकडून घ्यायचे? आमच्यापुढे तीन वाटा होत्या. विलायती संच मागवावा, तर आयात शुल्क आणि जहाजभाडे यांचा हिशेब करताकरता आमची कापसाची दोन वर्षे खर्ची पडत होती. तयार रोडस्टर शोधावी, तर वडिलांच्या इंजिनाचे प्रयोजनच उरत नव्हते. तिसरी वाट म्हणजे शेजारच्या जिल्ह्यातला एक फायबरग्लासचा कारागीर. त्याच्याकडचे कवच देखणे होते, रंग आरशासारखा. आम्ही अकरा हजार रुपये आगाऊ देऊन मोकळे झालो. प्रश्न नंतर सुचले. सांगाड्याच्या नळ्या किती जाडीच्या? पुढच्या चाकांचे हात जिथे जोडले जातात तिथल्या सांध्याचा आराखडा आहे का? ब्रेक कोणत्या गाडीचे? उत्तरादाखल दर वेळी त्याने कवचावरून मायेने हात फिरवला. पैसे परत आले नाहीत. ती शिकवणी आम्हीच लावून घेतली होती, असे आता म्हणतो.

मिस्तरी मात्र पहिल्या दिवसापासून एकच वाक्य बोलत होते: "भाऊ, गाडी इंजिनवर चालस, पन आरटीओमा कागदवर चालस." त्यांच्या या अहिराणी सूत्राचे भाष्य आम्हाला पुढे कायद्यात सापडले. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते, की निर्मात्याने मुळात नोंदवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने वाहनात करू नये. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही बाब अधिक कडक शब्दांत स्पष्ट केली. नवी गाडी विकायची तर निर्मात्याला तिचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून मान्य करून घ्यावा लागतो. म्हणजे अँबॅसॅडरच्या कागदावर रोडस्टर चालणार नाही, आणि कागदाविना रोडस्टर आमच्या अंगणाबाहेर पडणार नाही. आम्ही कवच बनवणाऱ्याला निर्माता समजत होतो. नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव लागते आणि सांधा तुटला तर जो उत्तर देतो, तो निर्माता.

इथे आम्हाला, साहित्याच्या सवयीने, देवलांच्या 'झुंजारराव'ची आठवण झाली. ते 'ऑथेल्लो'चे रूपांतर आहे. परंतु रूपांतरकाराने मुळाची जबाबदारी शेक्सपिअरवर ढकलून चालत नाही. मराठी रंगभूमीवर ते पात्र उभे राहिले की नाही, याचा जाब त्यालाच द्यावा लागतो. प्रतिकृती वाईट नसते, बेवारस प्रतिकृती वाईट असते. अलिबागच्या गाडीचे मोल आम्हाला या विचारानंतर अधिक कळले. तिच्या कर्त्यांनी मुळाचा डौल घेतला, इंजिन इथल्या रस्त्यावरचे निवडले आणि आपले नाव लावले. आमच्याजवळ मुळाचे एक मासिकातले चित्र होते, इतकेच. खरी लोटस आम्ही दोघांनीही कधी पाहिलेली नाही.

आई या साऱ्या चर्चेत एकदाच बोलली. "त्या नव्या गाडीत मी कुठं बसणार?" दोन आसने आणि दोन भाऊ. उत्तर देता आले नाही.

निवड अखेर झाली. निर्माता म्हणून आम्ही हिंदुस्थान मोटर्सलाच पसंत केले, जरी तिने २०१४ साली उत्तरपाड्याचा अँबॅसॅडरचा कारखाना बंद केला असला तरी. गाडीखालचा कुजलेला पत्रा कापून नवा जोडणे सुरू आहे. मग धुळ्याला योग्यता तपासणी, नोंदणीचे नूतनीकरण. ते मिळेलच याची खात्री मिस्तरीही देत नाहीत. मिळाले, तर पहिली फेरी लाटीपाडा धरणापर्यंत काढायची आहे. मागच्या आसनावर, खिडकीपाशी, आई बसेल.